पडद्यावरची शाळा आणि आपली खोली

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून नंतर लिहून काढले.)



समितीने या वेळी आम्हाला विषय दिला तो "ऑनलाइन शिक्षण". आम्ही सेक्रेटरींना म्हटले, अहो, आम्ही साचेखात्यातली माणसे. धोट्यातला धागा तुटला तर जोडता येतो, पण नेट तुटले तर काय करायचे ते आम्हाला नातवाला विचारावे लागते. एखादा प्रोफेसर बोलवा. तर ते म्हणाले, "प्रोफेसर लोक कॉम्प्युटरबद्दल सांगतील, तुम्ही आपल्या खोलीबद्दल सांगा." म्हणून उभे राहिलो. चुकले तर सांभाळून घ्या.

साचेखात्याचे नाव निघालेच आहे तर तिथूनच सुरुवात करतो. आमचे आजोबा गिरणीत होते, वडील गिरणीत होते. पण दोघांनाही उमेदीच्या काळात साचेखात्यात पाऊल टाकता आले नाही. का? तर कांडी संपली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. मग अस्पृश्याने उष्टावलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून ज्या खात्यात चांगला पगार, त्या खात्याचे दार आपल्याला बंद. आपली माणसे त्रासन खात्यात, कमी पगारावर. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आम्ही १९८९ साली बदलीवर लागलो ते थेट साचेखात्यात. त्या दिवशी वडिलांनी पेढे वाटले. मुलगा साचेखात्यात लागला याचे पेढे! आजच्या मुलांना हसू येईल.

आज हे का सांगितले? साचेखात्याच्या दारावर "महारांना बंदी" अशी पाटी कधी कुणी लावलेली नव्हती. धागा तोंडाने ओढायची ती एक साधी रीत होती, आणि ती रीतच आपल्याला बाहेर ठेवत होती. पडद्यावरच्या शाळेतसुद्धा पाटी कुठे नाही. सगळे सगळ्यांना खुले आहे म्हणतात. पण आत जाण्याची रीत काय आहे ते बघावे लागते.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. आमची गिरणी त्या आठवड्यात बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. शाळाही बंद. दहावीची परीक्षा चालू होती, भूगोलाचा शेवटचा पेपर राहिला तो राहिलाच. जूनमध्ये सरकारने सांगितले की शाळा बंद असली तरी शिक्षण सुरू राहील. आमची धाकटी मुलगी तेव्हा नववीत गेली होती. घरात फोन दोन. एक आमचा बटणांचा, ज्यात फक्त बोलता येते. दुसरा थोरल्या मुलाचा टच फोन, आणि तो कुरियरच्या कामावर. त्या फोनवरच त्याला पत्ते येतात, म्हणजे फोन नसेल तर काम नाही. मुलीचा वर्ग सकाळी आठ ते अकरा. मुलगा सातला बाहेर पडायचा तो रात्री आठ-साडेआठला परत. मग ही मुलगी रात्री जेवणे झाल्यावर, बाकी सगळे झोपल्यावर, पांघरुणात डोके घालून शिक्षकांनी पाठवलेले फोटो वहीत उतरवून घ्यायची. पांघरुणात कशाला? तर उजेडाने लहान नातू उठू नये म्हणून. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसे.

बरं, ही शाळेची चूक म्हणावी तर शाळेतल्या बाई स्वतः एका खोलीत दोन मुले घेऊन शिकवत होत्या. मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. आम्ही त्यांना दोष देणार नाही.

आमच्या मजल्यावर आणखी एक मुलगा होता, आठवीत. हुशार. त्याच्या घरात टच फोनच नव्हता. पहिले दोन महिने तो मित्राच्या खोलीत जाऊन बसायचा. मग मित्राच्या आईला आजाराची भीती वाटली, तिने नाही म्हटले. तिचेही बरोबरच होते. पुढे हा मुलगा भाजीच्या गाडीवर जाऊ लागला. शाळा परत उघडल्या तेव्हा त्याच्या हातात रोजचे तीनशे रुपये येत होते, आणि घरात त्या तीनशेचा हिशोब बसलेला होता. शाळेत तो पुन्हा गेला नाही. त्याचे नाव कुठल्याही मोजणीत "ऑनलाइन शिक्षणामुळे शाळा सुटली" असे लिहिलेले नसेल. आज तो या सभेला मंडप बांधायला होता. दुपारी बांधून गेला.

आता कुणी म्हणेल, ही तुमच्या चाळीची गोष्ट झाली. तर आकडे ऐका. सरकारच्याच नमुना पाहणीत, २०१७-१८ साली, कॉम्प्युटर असलेली घरे शहरात शंभरात २३ आणि खेड्यात शंभरात चारच्या आसपास होती. म्हणजे लॉकडाऊनच्या आधी देशाची तयारी एवढी होती. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन सुमारे १४०० मुलांची चौकशी केली. नियमित ऑनलाइन शिकणारी मुले शहरी वस्त्यांत शंभरात २४ आणि खेड्यात शंभरात ८ निघाली. आणि खेड्यातली दलित-आदिवासी मुले तेवढी वेगळी काढली तर शंभरात ४. इतर जातींची शंभरात १५. बंधूंनो, इथे कुणी कुणाला धोटा लावू नको म्हटले नव्हते. तरी चार आणि पंधरा.

आणि घरात फोन आला म्हणजे तो मुलाच्या हातात आला असे नाही, हेही लक्षात ठेवा. असर नावाची पाहणी खेड्यापाड्यांत होते. तिच्यात दिसले की २०१८ साली शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी ३६-३७ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२१ मध्ये ६७-६८ मुलांच्या घरी झाला. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून फोन घेतले. पण फोन असलेल्या घरांतल्या दर चार मुलांपैकी एकाला तो अभ्यासाला मिळतच नव्हता. का मिळत नव्हता ते आम्ही आमच्या घरावरून सांगितलेच. त्यात पुन्हा रिचार्ज. कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर्षाला बारा पगार आणि तेरा रिचार्ज, हा हिशोब गिरणीतल्या आमच्या जॉबरलासुद्धा जमला नसता.

त्या काळात एक गोष्ट मात्र आमच्या चाळीत खरोखर चालली, आणि ती मोबाईलची नव्हती. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "तिलीमिली" नावाची मालिका लागायची. टीव्ही सगळ्यांकडे होता. त्याला रिचार्ज कमी, आणि पडदा मोठा. एका खोलीत पाच-सहा मुले बसायची, एकाला कळले नाही तर दुसरा सांगायचा. आम्ही स्वतः तिसरीचा भागाकार तिथे पुन्हा शिकलो. हे काही नवीन नाही. १९७५ साली ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले होते. गावाला एक टीव्ही, आणि त्याच्यासमोर सगळा गाव. आपले महाराष्ट्र राज्य त्यात नव्हते. पण एक पडदा आणि पुष्कळ माणसे, ही पद्धत गरिबाला परवडणारी आहे हे तेव्हापासून माहीत होते. नंतर आपण प्रत्येकाच्या हातात एकेक पडदा द्यायला निघालो, आणि ज्याच्या हाताला आला नाही तो राहिला.

सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, जिथे कापड कारखान्यांतले कामगार राहतात, तिथल्या एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी तर घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुलांनी लांब लांब उभे राहून वाचायचे. त्याच सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडून दाखवले, पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. एकाने भिंत वापरली, एकाने मोबाईल. दोघांनीही आधी मुलगा कुठे उभा आहे ते पाहिले होते.

आता आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल. हे बोलायचे नव्हते, पण इथे बसलेल्या अर्ध्या लोकांना ते माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

२०२० च्या पावसाळ्यात तरुणांनी समितीपुढे मागणी ठेवली की विहाराच्या हॉलमध्ये वायफाय घ्या आणि मुलांना आळीपाळीने अभ्यासाला बसू द्या. समितीत सगळ्यात मोठा विरोध आम्ही केला. आम्ही म्हटले, पोरे गेम खेळतील, नको ते बघतील, विहाराचे पावित्र्य जाईल, आणि महिन्याचे बिल कोण भरणार? वर्गणी कुणाची येत नव्हती हे खरे होते, पण आमचा मूळ मुद्दा तो नव्हता. आम्हाला त्या मोबाईलचा रागच होता. ठराव नामंजूर झाला. सहा महिने गेले. जानेवारी २०२१ मध्ये महिला मंडळाच्या सभेत पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक मावशी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरात जागा नव्हती म्हणून दहावीला तुम्ही ह्याच हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली बसत होता. तेव्हा ट्यूबलाइटचं बिल कोण भरत होतं, विचारलं होतं का?"

आम्ही खाली बसलो. दुसऱ्या आठवड्यात जोडणी आली.

हॉलमध्ये एका वेळी बारा मुले, अंतर ठेवून. कुणाच्या तरी ऑफिसातून टाकून दिलेले दोन लॅपटॉप मिळाले, एकाची बॅटरी कायमची मेलेली. आणि आपल्याच चाळीतली, बी.एड. करणारी एक मुलगी रोज दोन तास येऊन बसू लागली. ती शिकवत नव्हती. मुले पडद्यावर धडा बघायची, अडले की थांबवायची आणि तिला विचारायची. तिला नाही आले तर ती म्हणायची, "उद्या बघून सांगते." या "उद्या सांगते"ची किंमत आम्हाला त्या वर्षी कळली. यूट्यूबवर मोठमोठे शिक्षक आहेत, इंग्रजी-मराठी दोन्हींत, फुकट. पण मुलाच्या कपाळावरची आठी बघून "तुला नाही ना कळलं?" असे त्यातला कुणी विचारत नाही. आमच्या मुलीचे गणित त्या हॉलमध्ये सुटले. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरातले आठवीपासूनचे वर्ग उघडले, मार्च २०२२ मध्ये तिने प्रत्यक्ष बसून दहावीची परीक्षा दिली आणि पास झाली. पण आम्ही अडवून ठेवलेले ते सहा महिने? त्या सहा महिन्यांतच मघाशी सांगितलेला मुलगा भाजीच्या गाडीवर गेला. हॉल तेव्हा उघडा असता तर तो गेला नसता असे आम्ही छातीठोक म्हणू शकत नाही. पण रात्री आठवण येते.

हॉलचा विषय निघाला म्हणून दुसराही एक प्रकार सांगून ठेवतो, कारण तो पुन्हा येणार आहे. त्याच वर्षी एका कंपनीचे टाय लावलेले तरुण चाळीत फिरायला लागले. घरात येऊन मुलाची दहा मिनिटांची परीक्षा घ्यायची, मग आईबापासमोर तोंड पाडून म्हणायचे, "मूल हुशार आहे, पण मागे पडतंय." मग टॅब, मग दोन वर्षांचा कोर्स, मग "आज फक्त सही करा, हप्ता छोटा आहे." आमच्या शेजाऱ्यांनी सही केली. मुलाने टॅब तीन आठवडे बघितला. नको म्हणून सांगायला गेले तेव्हा कळले की सही कोर्सच्या कागदावर नव्हती, कर्जाच्या कागदावर होती. हप्ता कापला जातच राहिला. आपल्या पोराने शिकावे ही आपल्या माणसाची दुखरी नस आहे, आणि ती नस कुठे आहे हे विकणाऱ्याला नेमके ठाऊक असते. तेव्हा शिक्षणाच्या नावाखाली आलेल्या कुठल्याही कागदावर घरात आलेल्या माणसासमोर सही करू नका. कागद ठेवून घ्या आणि विहारात घेऊन या.

जे फुकट आहे ते आधी वापरा. पहिलीपासूनची पुस्तके ई-बालभारतीवर फुकट मिळतात. केंद्र सरकारचे "दीक्षा" मराठीत आहे. कॉलेजच्या मुलांसाठी २०१७ पासून "स्वयं" आहे, त्यावरचे वर्ग फुकट, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. त्याला ती जेईई लागत नाही, चार आठवड्यांच्या अभ्यासानंतर पात्रता परीक्षा घेतात, अनुसूचित जाती-जमातींना फीत सवलत आहे, आणि मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. आयआयटीचे नाव ऐकून आपली मुले लांबूनच नमस्कार करतात. करू नका, अर्ज भरा. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. मात्र मान्यता आहे की नाही ते आयोगाच्या यादीत बघूनच पैसे भरायचे. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली यांची पदवी घरबसल्या देतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते चालत नाही.

आम्ही या घरबसल्या शिक्षणाच्या विरोधात आहोत असे मात्र कुणी समजू नये. आम्ही तर त्याचेच विद्यार्थी. दहावीला नापास झालो आणि गिरणीत लागलो. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. चार-पाच वर्षांनी कुणीतरी सांगितले की दहावी-बारावी नसली तरी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला बसता येते. आम्ही नाव घातले. पुस्तके घरी, अभ्यास तिसऱ्या पाळीनंतर. पण खरे शिक्षण व्हायचे ते रविवारी संपर्क सत्राला. तिथे पोस्टमन, हवालदार, नर्सबाई, आम्ही गिरणीवाले, सगळे एका बाकावर. वर्षभर टिकलो ते त्या रविवारमुळे. पुढे पाळी अशी आली की रविवारीही खाडा पडू लागला, आणि पहिल्या वर्षानंतर आमची पदवी राहिली ती राहिलीच. पुस्तके अजून फळीवर आहेत.

कामकऱ्याच्या वेळेला शाळेने यायचे, ही कल्पना मुळात कुणा कंपनीची नाही. ती जोतिरावांची. १८५५ साली त्यांनी पुण्यात राहत्या घरी शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता येईल. वेळ बदलली, पण शिकवणारा माणूस त्यांनी काढून टाकला नाही. आज भीती नेमकी तिथे आहे. आमच्या गिरणीचा इतिहास वाचा. एका कामगाराने दोन साचे चालवायचे होते तिथे मालकांना जास्त साचे हवे होते. १९२८ चा संप त्यावरूनही होता. उद्या एखाद्या संस्थेने म्हटले की एका शिक्षकाने पडद्यावरून दहा वर्ग सांभाळावेत, बाकीच्या नऊ जागा भरायची गरज नाही, तर आम्हा साचेवाल्यांना ते लगेच ओळखता येते. आणि या नऊ जागा कुणाच्या? शिकून पहिल्यांदा शिक्षक होणारी मुले कुणाची? जिथे शिक्षक भरायचे सोडून पडदे भरले जातील तिथे आपण पालक म्हणून विचारले पाहिजे. आणि पडदेसुद्धा अजून सगळीकडे नाहीत. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशातल्या शंभर शाळांपैकी इंटरनेट फक्त ५४ शाळांत होते.

मुलांनो, तुमच्याशीही दोन शब्द. आता म्हणे गणिताचा फोटो काढला की मोबाईलच उत्तर लिहून देतो, निबंधसुद्धा देतो. आमच्या नातवाने दाखवला. मराठी आमच्यापेक्षा चांगले होते, एवढे खरे. पण बाईंनी वर्गात उभे करून विचारले तेव्हा त्याला त्यातला "दुर्दम्य" हा शब्द सांगता आला नाही. घरी येऊन आमच्याशी बोलला नाही दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शब्दकोश मागितला.

आता कामाचे. समितीने ठरवले आहे की हॉलमधली अभ्यासिका परीक्षेपुरती न ठेवता वर्षभर चालवायची, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा. वायफायचे पैसे या वर्षीच्या वर्गणीत धरले आहेत, तेव्हा वर्गणी बुडवू नका. लॅपटॉप पाच झाले आहेत, अजून चार लागतील. कुणाच्या ऑफिसात जुने निघत असतील तर कळवा, दुरुस्तीचे आम्ही बघतो. पण सगळ्यात जास्त गरज बसणाऱ्या माणसांची आहे. बी.एड.ची ती मुलगी आता सोलापूरकडे शाळेवर लागली. तिच्या जागी आठवड्यातून दोन दिवस येऊ शकतील अशी सात-आठ शिकलेली मुले-मुली पाहिजेत. विषय यायलाच पाहिजे असे नाही. "उद्या बघून सांगते" म्हणता आले तरी पुरे. नावे महिला मंडळाच्या वहीत आजच लिहायची आहेत, वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. सकाळच्या वेळेचे पहिले नाव आम्ही आमचे घातले आहे. गिरणी नाही, त्यामुळे पहाटे पाचला जाग येते आणि काम काही नसते. हॉलची चावी आमच्याकडे राहील.

आणि तो मंडपवाला मुलगा भेटला तर कुणीतरी त्याला सांगा की सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. आम्ही सांगितले तर तो हसून विषय बदलतो. त्याच्या वयाच्या कुणी सांगितले तर कदाचित ऐकेल.

जयभीम.